मोनो-स्कॅटला सहा फुटांची टाकी लागतेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरगुती मत्स्यालयांवर लेख आला होता. लेख मनापासून लिहिलेला होता. सोनेरी मासे, गप्पी, मोली यांच्याबद्दल त्यात दिलेली माहिती बरोबर आहे. मात्र शेवटच्या चौकटीत मोनो, स्कॅट आणि आर्चर या निमखाऱ्या पाण्यातल्या माशांचे फोटो छापून ‘दिसायला देखणे, सांभाळायला सोपे, दोन-अडीच फुटांची टाकी पुरते’ असे लिहिले आहे. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे, कारण ती ओळ वाचून लोक कात्रण हातात घेऊन माझ्याकडे येऊ लागले आहेत.

मी धुळ्यात काचकाम करतो. खिडक्या, शोकेस, आरसे हे रोजचे काम. फिश टँक जोडणे हे आवडीचे काम, आणि आता त्यातच जास्त वेळ जातो. शिरपूर, दोंडाईचा, शहादा, अमळनेर, चाळीसगाव इथून मापे येतात. टाकी कोणत्या माशासाठी हवी हे विचारल्याशिवाय मी काचेवर हिरा ठेवत नाही. मोनो किंवा स्कॅट असे उत्तर आले की मी सहा फूट म्हणतो आणि समोरचा माणूस हटकून म्हणतो, “एवढासा मासासले इतली मोठी टाकी कसाले, भाऊ?”

त्याचे म्हणणे मला समजते. दुकानात मोनो येतो तेव्हा दोन इंचांचा असतो. रुपेरी अंग, पिवळसर पर, डोळ्यावरून उतरणारे काळे पट्टे. पाण्यात सोडलेला पतंगच. स्कॅट तर त्याहून लहान, रुपयाच्या नाण्याएवढा, अंगावर काळे ठिपके. पण हे पिल्लू आहे. निसर्गात मोनो पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. टाकीत नीट ठेवला तरी सहा-सात इंच होतो, आणि वर-खालच्या परांची टोके धरली तर त्याची उंची लांबीच्या बरोबरीला येते. स्कॅटची नोंदलेली कमाल लांबी ३८ सेंटिमीटर आहे. टाकीत तो आठ ते दहा इंच होतो आणि गोल, जाड, ताटलीभर दिसतो. आर्चर, म्हणजे पाण्याची पिचकारी मारून मीटरभर उंचीवरचा किडा पाडणारा मासा, सहा ते आठ इंचांचा होतो. काळ्या परांचा एक मासा ‘शार्क’ म्हणून विकतात. तो खरे तर दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा शिंगाळ्याच्या जातीचा मासा आहे. तो फूटभराच्या पुढे जातो आणि दिवसरात्र येरझाऱ्या घालतो. त्याच्यासाठी सहा फुटांचीही टाकी मी करून देत नाही. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद जागा असेल तरच बोलू, असे सांगतो.

नुसती लांबी सांगून भागत नाही, कारण हे मासे एका जागी बसणारे नाहीत. मोनो थव्याने राहतो. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीत, बंदराच्या खांबांभोवती त्यांचे थवे भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करतात. एकटा किंवा जोडीने ठेवला तर तो घाबरतो, काळपट पडतो, कोपऱ्यात उभा राहतो, नाहीतर दुसऱ्याला मारून टाकतो. पाच-सहा तरी हवेतच. आता दोन फुटांच्या टाकीत सात इंचांचे सहा मोनो डोळ्यांसमोर आणा. शेपटी हलवली की काच आली. खोलीतला दिवा एकदम लागला किंवा कोणी दार आपटले की सगळा थवा एका क्षणात सुसाट सुटतो. लांब टाकीत त्याला थांबायला जागा मिळते, आखूड टाकीत नाक काचेवर फुटते. टाकीतला मोनो नाकावर पांढरी जखम घेऊन फिरताना दिसला की टाकी आखूड आहे असे समजावे.

पुरवणीत ‘एक इंच माशाला चार लिटर पाणी’ असे सूत्रही दिले आहे. बारीक, सडपातळ माशांना ते कसेबसे लागू पडते, मोठ्या माशांना अजिबात नाही. लांबी दहापट झाली की रुंदी आणि जाडीही वाढतात, वजन जवळजवळ हजारपट होते. दहा इंचांचा एक स्कॅट म्हणजे एक इंचाचे दहा मासे नव्हेत. तेवढ्या मांसाला लागणारा प्राणवायू आणि त्यातून पडणारी घाण यांचा हिशोब इंचांनी मांडता येत नाही. त्यात स्कॅट म्हणजे हावरट खाणारा. पालक, वाटाणा, कोळंबी, गोळ्या, टाकीतली झाडे, काहीही सोडत नाही, आणि खाल्लेले लगेच पाण्यात टाकतो.

‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ हे तर मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की ते छापून येण्याआधीच खोडून ठेवतो. लहान टाकीत मासा खुंटतो हे खरे आहे. पण तो खुंटतो ते घाण पाण्याने आणि जागेअभावी. पाठीचा कणा वाकतो, डोळे अंगाच्या मानाने मोठे दिसू लागतात, आणि जो मासा आठ-दहा वर्षे सहज जगायचा तो दीड-दोन वर्षांत उलटा तरंगतो. याला टाकीच्या मापाने वाढणे म्हणत नाहीत.

आता मापाकडे येतो. माझ्या हिशोबाने पाच-सहा मोनो आणि दोन स्कॅट यांच्यासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच ही किमान टाकी. चोवीस घनफूट म्हणजे काठोकाठ ६८० लिटर. वरची दोन-तीन इंच जागा आणि तळाची वाळू वजा केली की खरे पाणी साडेपाचशे लिटरच्या आसपास राहते. चार फुटांच्या टाकीत पिल्ले वाढवून पुढे मोठी टाकी घेऊ असे म्हणणारे बरेच भेटतात. मी त्यांना मोठी टाकी आधी आणि मासे नंतर असेच सांगतो. घरात लग्न निघते, कापसाचा भाव पडतो, मुलांची फी येते, आणि मोठी टाकी राहून जाते. मासे मात्र वाढायचे थांबत नाहीत.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची आहे आणि लोक नेमके तिथेच हात आखडतात. हॉलच्या भिंतीला फूटभर रुंद, तीन फूट उंच टाकी लावली की छान दिसते, पार्टिशनमध्ये बसते, म्हणून आर्किटेक्टही तसेच माप काढतात. देवपुरातल्या एका डॉक्टरांनी मोनोसाठी असेच माप आणले होते: चार फूट लांब, एक फूट रुंद, तीन फूट उंच. मी त्यांना कागदावर हिशोब करून दाखवला, तो इथे देतो. त्या मापात बारा घनफूट, म्हणजे ३४० लिटर पाणी मावते. काच लागते चौतीस चौरस फूट, आणि तीन फूट उंचीच्या पाण्याचा तळाशी येणारा दाब झेलायला ती जाड घ्यावी लागते. तेवढेच पाणी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत मावते. तिला काच लागते सव्वीस चौरस फूट, आणि दाब निम्मा असल्याने बरीच पातळ काच चालते. हवेला उघडा पृष्ठभाग पहिल्या टाकीत चार चौरस फूट, दुसरीत आठ. पैसे कमी, वजन कमी, माशाला वळायला जागा दुप्पट, श्वासाला हवा दुप्पट. डॉक्टरांनी पार्टिशनचा विचार सोडला, भिंतीलगत जागा काढली आणि शेवटी सहा बाय दोनची टाकी करून घेतली. त्यांच्याकडचे मोनो आता तळहात भरून आहेत.

काचेवरचा दाब उंचीने वाढतो, पाणी किती आहे त्याने नाही. लांबी उंचीच्या तिपटीच्या पुढे गेली की आणखी लांबीने काचेची जाडी फारशी वाढवावी लागत नाही, आणि रुंदी वाढवल्याने समोरच्या काचेला काहीच फरक पडत नाही. म्हणून बजेट असेल ते लांबी-रुंदीत घाला. दोन फूट उंचीच्या वर जायचे कारणच नाही. हात घालून तळ साफ करता आला पाहिजे हा मुद्दाही त्यात आलाच. अपवाद फक्त आर्चरचा. त्याला पाण्याच्या वर मोकळी जागा लागते, म्हणून त्याच्या टाकीत पाणी पाऊण भरतात आणि वर घट्ट झाकण ठेवतात, कारण तो भक्ष्यासाठी पाण्याबाहेर उडी मारतो.

गोल, षटकोनी, बाटलीच्या आकाराच्या टाक्या या माशांसाठी मी करत नाही. सरळ पोहायला त्यात जागाच नसते.

आपल्या खान्देशात टाकी मोठी असण्याला आणखी एक कारण आहे, आणि मुंबई-पुण्याची माहिती वाचून ते कळत नाही. धुळ्यात जानेवारीत पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर चढतो. या माशांना चोवीस ते अठ्ठावीस अंशांचे पाणी मानवते. पन्नास लिटरची टाकी दुपारी पत्र्याच्या खोलीत तापते आणि रात्री निवते, साडेपाचशे लिटर पाणी इतक्या चटकन हलत नाही. हिवाळ्यात हीटर लागतोच, तोही एक मोठा घेण्याऐवजी दोन मध्यम घ्यावेत, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून नेतो. उन्हाळ्यात पाणी जसे तापते तसा त्यातला प्राणवायू कमी होतो. गोड्या पाण्यात पंचवीस अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, पस्तीस अंशांना सातच्या आसपास. मीठ घातले की आणखी कमी. मोठ्या, सतत पोहणाऱ्या माशाला तो जास्त लागतो आणि उन्हाळ्यातच तो कमी मिळतो. उघडा पृष्ठभाग मोठा ठेवा असे मी कळवळून सांगतो ते यासाठी. आपली हवा कोरडी आहे याचा एक फायदा मात्र होतो. टाकीच्या तोंडावर आडवा छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश खाली येते. दमट हवेत इतका गुण येत नाही.

पण पंखा लावला की पाणी उडते, आणि उडते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. सहा बाय दोनच्या टाकीतून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी गेले तर अकरा लिटर गेले. ते रोज भरायचे तर साधे, बिनमिठाचे पाणी घालायचे. कित्येक जण खारे पाणीच घालत राहतात आणि महिनाभरात मासे का मरगळले ते त्यांना समजत नाही. दोन फुटांच्या, फूटभर उंच टाकीत तेवढीच सेंटिमीटरभर घट पाण्याच्या मानाने जवळजवळ दुप्पट पडते, म्हणजे खारटपणाही तितक्याच झपाट्याने चढतो.

मिठाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पुरवणीत ‘चिमूटभर मीठ’ असे आहे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, खडा मीठही नाही. त्यात जवळजवळ सगळा सोडियम क्लोराइड असतो. समुद्रात त्याशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पाण्याचा सामू (पीएच) धरून ठेवणारे क्षार असतात. म्हणून समुद्री मत्स्यालयासाठी मिळणारे तयार मीठच घ्यावे. समुद्रात लिटरला पस्तीस ग्रॅम क्षार असतात. वाढत्या मोनो-स्कॅटसाठी लिटरला पंधरा ग्रॅम धरले तर पाण्याची घनता १.०१० च्या आसपास येते. म्हणजे साडेपाचशे लिटरला पहिल्या भरणीतच आठ-नऊ किलो मीठ. आठवड्याला पाव पाणी बदलायचे म्हटले तर दर वेळी दोन किलो, वर्षाला क्विंटलभर. हा खर्च टाकी घेण्याआधी वहीत मांडा. ज्याला तो झेपणार नाही त्याने हे मासे घेऊ नयेत, असे मी तोंडावर सांगतो. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, जिभेवर चाखून ठरवू नका.

हे मासे दुकानात गोड्या पाण्यात असतात म्हणून ते गोड्या पाण्याचे होत नाहीत. मोनो आणि स्कॅट पिल्लू असताना खाडीत, नदीच्या मुखाशी राहतात आणि मोठे होताना समुद्राकडे सरकतात. म्हणून वयाबरोबर टाकीतला खारटपणाही हळूहळू वाढवत न्यावा लागतो, प्रौढ मोनो तर पूर्ण समुद्राच्या पाण्यातही राजीखुशीने राहतो. टाकी करतानाच हे मनात धरावे. खाली संप, म्हणजे फिल्टरची जोडटाकी, ठेवला, त्यात पुढे प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र) बसेल इतकी जागा सोडली, तर दोन-तीन वर्षांनी टाकी फोडून नवी करावी लागत नाही. खारटपणा कमी असताना स्किमर नीट फेस धरत नाही, म्हणून तो पहिल्या दिवशी विकत घेण्याची घाई नको. जागा मात्र पहिल्या दिवशीच हवी.

आपल्या भागातले बोअरचे जड पाणी सगळे वाईट म्हणतात. या माशांना ते चालते. त्यांना सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान आणि क्षारयुक्त पाणी लागते. आरओचे पाणी मुद्दाम आणून घालायचे काही कारण नाही. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढून घ्या. आपल्याकडे नळ रोज येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून टाकीसोबत दोनशे लिटरचा एक निळा ड्रम घ्यावाच. त्यात पाणी साठते, मीठ विरघळते, आदल्या दिवशीच घोळून तयार होते. ड्रम नवा घ्या. कापसावरच्या फवारणीचे किंवा कोणत्याही केमिकलचे रिकामे ड्रम आपल्याकडे स्वस्तात मिळतात, ते कितीही धुतले तरी वापरू नका.

आणि बदललेले पाणी झाडांना घालू नका. गोड्या पाण्याच्या टाकीतले पाणी कुंड्यांना खतासारखे लागू पडते, त्या सवयीने लोक हेही ओततात. वर्षाचे क्विंटलभर मीठ काळ्या मातीत गेले तर ती जागा नापीक होईल. ते मोरीत, गटारात सोडावे. पांझरेत किंवा नकाणे तलावात ना हे पाणी सोडावे, ना नकोसे झालेले मासे. धुळ्याचे पाणी पांझरेतून मुडावदला तापीत जाते आणि उकाईवरून सुरतेच्या पुढे खंभातच्या आखाताला मिळते. खाडीतला मासा तिथल्या पाण्यात शोभतो, आपल्या तळ्यात त्याचे काम नाही.

वजनाचा विचार फार कमी लोक करतात. सहा बाय दोन बाय दोनची टाकी बारा एमएमच्या काचेत केली तर नुसती काच सव्वाशे किलोच्या आसपास भरते. पाणी, वाळू, स्टँड धरून साडेआठशे किलोचा बोजा बारा चौरस फुटांवर येतो. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात (आयएस ८७५) चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा भार धरलेला असतो, आणि हा बोजा त्याच्या जवळजवळ चौपट पडतो. तळमजला असेल तर उत्तम. वरचा मजला असेल तर टाकी बीमच्या रेषेत, भिंतीलगत, आणि इंजिनिअरला दाखवूनच. जुन्या माडीच्या घरात, लाकडी तुळयांवर, कोणी कितीही आग्रह केला तरी मी टाकी चढवत नाही.

स्टँड लोखंडी अँगलचे करतात. गोड्या पाण्याला ते वर्षानुवर्षे टिकते. मिठाचे शिंतोडे मात्र जोडापाशी बसतात आणि वेल्डिंग आतून खातात. रेड ऑक्साइड आणि त्यावर चांगला रंग, किंवा पावडर कोटिंग करून घ्या, आणि दर काही महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसत जा. सिलिकॉन मत्स्यालयासाठीच बनवलेला हवा. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते माशांना विषारी आहे, आणि स्वस्त पडते म्हणून तेच भरणारे आहेत. टाकी करून घेताना नळी दाखवायला सांगा. वरच्या बाजूला कडेच्या लांब पट्ट्या आणि मधली आडवी पट्टी हवीच. जोडल्यावर आठवडाभर सुकू द्या, मग पाणी भरून दोन-तीन दिवस तसेच ठेवून पाहा. घाईचा ग्राहक मला परवडत नाही. विजेच्या तारांना टाकीपासून बोर्डाकडे जाताना मध्ये खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेले खारे पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. अर्थिंग तपासलेले असावे. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप तयार हवा, मे महिन्यात तासाभराचा खंडही जड जातो.

फिल्टर तासाला टाकीच्या सहा-सात पट पाणी फिरवणारा घ्या आणि मासे आणण्याआधी महिना-दीड महिना तो चालू द्या. अमोनिया आणि नायट्राइट खाणारे जिवाणू तेवढ्यात तयार होतात. अल्कली पाण्यात अमोनिया जास्त जहाल असतो, म्हणून इथे घाई अंगाशी येते. आत सजावट थोडकी. तळाला कोरलची किंवा शिंपल्यांची वाळू, मागे लाकडाच्या दोन मुळ्या, मधला सगळा भाग मोकळा. प्लॅस्टिकचे किल्ले नकोत. मागची काच गडद रंगवून घेतली की मासे कमी बुजतात. स्कॅटच्या परांच्या काट्यांना सौम्य विष असते, टोचले तर तासन्‌तास ठणकते, त्यामुळे त्याला हाताने पकडू नये. जाळीत काटे अडकतात, डब्याने पकडावे.

ज्यांच्याकडे सहा फूट जागा नाही त्यांनी निराश व्हायचे कारण नाही. नारंगी क्रोमाइड हा आपल्याच दक्षिणेतला मासा, आठ सेंटिमीटरचा, हलक्या खाऱ्या पाण्यात रमतो आणि तीन फुटांच्या टाकीत सुखाने पिल्ले वाढवतो. नर-मादी दोघे मिळून पिल्लांची राखण करतात, ते पाहण्यासारखे असते. मोलीलाही थोडे मीठ मानवते. नारंगी क्रोमाइडच्याच नात्यातला मोठा करिमीन, केरळचा राज्यमासा, मात्र मोठ्या टाकीचा आहे. चेन्नईची केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्था मोनो आणि स्कॅटसारख्या माशांची बंदिस्त पैदास करण्यावर काम करते आहे. पैदास वाढली की हे मासे आणखी स्वस्त होतील आणि आणखी लहान टाक्यांत जातील, याची मला खरोखर काळजी वाटते.

ज्यांच्या छोट्या टाकीत आधीच मोनो किंवा स्कॅट आहेत त्यांनी ते वाढण्याची वाट पाहू नये. मोठी टाकी असलेला माणूस शोधा. शिरपूरपासून जळगावपर्यंत असे शौकीन आहेत आणि ते आनंदाने घेतात. तोवर पाणी रोज थोडे बदला, खाणे कमी करा, हवेचे बुडबुडे सोडणारे दोन दगड लावा, आणि नवा मासा आणू नका. गोड्या पाण्यात असतील तर खारटपणा एकदम वाढवू नका, आठवड्याला थोडा थोडा, महिना-दोन महिने घेऊन वाढवा, म्हणजे फिल्टरमधले जिवाणूही टिकतात.

माझी आपल्याला विनंती आहे की पुढे अशी पुरवणी निघेल तेव्हा प्रत्येक माशाच्या फोटोखाली त्याची पूर्ण वाढीची लांबी, त्याला लागणारे पाणी गोडे की खारे, आणि टाकीची किमान लांबी-रुंदी एवढे छापावे. विक्रेत्यांनीही दुकानातल्या टाकीवर भावाच्या चिठ्ठीशेजारी हेच लिहावे. ग्राहक ते वाचून परत गेला तर एक विक्री बुडेल, पण मासा मेल्यावर वैतागून टाकीच माळ्यावर टाकणारा ग्राहक मी कितीतरी वेळा पाहिला आहे, तो दुकानात पुन्हा येत नाही. चौकटीतली दोन-अडीच फुटांची ओळ दुरुस्त करून छापलीत तर मी ते कात्रण माझ्या दुकानाच्या काचेवर लावीन.

आपला नियमित वाचक,
एक काचकाम कारागीर, धुळे
(नाव छापू नये ही विनंती.)